मनाईच्या काळातील चाल : मास्तर कृष्णराव आणि ‘वंदे मातरम्’

जुलमी सत्तेखाली कला अधिक तेजस्वी होते, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून मोठ्या आवडीने बोलून दाखविला जातो. तुकोबांचा छळ झाला म्हणून त्यांचा अभंग इतका उत्कट, लोकमान्य मंडालेस गेले म्हणून ‘गीतारहस्य’ लिहून झाले, अशी ही विचारसरणी आहे. ऐकावयास ती गोड वाटते खरी, परंतु तिच्यात एक लबाडी दडलेली आहे. छळ सोसून जे बोलले त्यांचीच नावे आपण घेतो; छळाने जे कायमचे मुके झाले त्यांची गणती ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. बंदिशाळेस विद्यापीठ म्हणावयाचे तर तेथे नापास झालेल्यांचा आकडाही सांगितला पाहिजे.

कवीच्या आणि ग्रंथकाराच्या बाबतीत निदान तपासून पाहण्यास काही साधन असते. शब्दाला अर्थ असतो. सरकारी भाषांतरकार तो इंग्रजीत उतरवितो, वकील त्यावर कीस पाडतात, आणि कशासाठी शिक्षा झाली हे पुढच्या पिढीस वाचावयास मिळते. संगीतकाराचे तसे नाही. षड्जाला पक्ष नसतो आणि तीनतालावर कोणत्याही कायद्याने खटला भरता येत नाही. मग परसत्तेची छाया सुरांवर पडते ती नेमकी कोठे? संगीतकार स्वभावाने नवमार्गी असेल, रुळलेल्या वाटेने जाण्याचा ज्याला कंटाळा आहे असा असेल, तर त्या छायेत त्याचे नवेपण वाढते, आटते, की दुसऱ्याच दिशेला वळते? या प्रश्नाचा विचार आम्हांस महाराष्ट्रातील एकाच संगीतकाराच्या एकाच चालीपुरता करावयाचा आहे. संगीतकार म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर आणि चाल म्हणजे त्यांची ‘वंदे मातरम्’ची.

निमित्त ताजेच आहे. २०२५ साली या गीताच्या रचनेस दीडशे वर्षे झाली असे धरून देशभर सोहळे सुरू झाले. आमच्या पेण-रोहे भागातही शाळा आणि वाचनालये यांतून गीत गाइले गेले. आम्ही जेथे जेथे गेलो तेथे तेथे चाल निराळी. पेणेस एके ठिकाणी देस रागाच्या अंगाची, नभोवाणीवरून सर्वांच्या कानांत बसलेली चाल. दुसऱ्या ठिकाणी बोलपटातील दणदणीत चाल. आणि रोह्यास एका लहानशा मंडळीत कोणी जाणत्या बाईंनी मास्तरांची झिंझोटी म्हटली. भाषणे मात्र सर्वत्र एकच होती : बंकिमचंद्र, वंगभंग, बारिसाल, फाशी जाणारे वीर. गीत म्हणजे केवळ शब्द, आणि चाल म्हणजे त्यांवरचे वेष्टन, असाच जणू सर्वांचा ग्रह. ज्या माणसाने आयुष्याची दीड-दोन दशके या वेष्टनापायी वेचली त्याचे नाव एकाही वक्त्याच्या तोंडी आले नाही, याचे आम्हांस वाईट वाटले. आणि थोडेसे आश्चर्यही, कारण मास्तरांची नाट्यपदे गुणगुणणारे लोक त्याच सभांतून बसले होते.

कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्म १८९८ साली देवाच्या आळंदीचा. बालवयातच ते रंगभूमीवर आले, पुढे भास्करबुवा बखले यांचे शिष्य झाले, आणि गंधर्व नाटक मंडळीत गायक, नट व चाली देणारे अशा तिन्ही नात्यांनी वावरले. भास्करबुवा १९२२ साली वारले. त्यांच्यामागे मंडळीच्या नव्या नाटकांच्या चालींचा मोठा भार या तरुण शिष्यावर पडला. मास्तरांची मैफल ज्यांनी ऐकली त्यांनी एकाच गुणाचे वर्णन पुनःपुन्हा केले आहे : खोडकरपणा. राग मांडता मांडता ते अकस्मात दुसऱ्या रागाच्या अंगणात डोकावत, श्रोता दचकला न दचकला तोच परत येऊन समेवर उभे राहत. तास तास चालणारा ख्याल त्यांनी आटोपशीर केला. जुन्या मंडळींची त्यावर नाराजीही होती. प्रभातच्या ‘माणूस’ या १९३९ सालच्या चित्रपटात एकाच गाण्यात प्रांतोप्रांतींच्या भाषा आणि ढंग त्यांनी गुंफून दाखविले. नवीन वाट काढणारा संगीतकार म्हणजे काय याचे उदाहरण त्या पिढीत शोधावयाचे तर हाच मनुष्य समोर येतो. अशा माणसाने ‘वंदे मातरम्’ला इतकी सरळ, इतकी निरलंकार चाल का द्यावी, हेच तर कोडे आहे.

त्यासाठी मास्तर ज्या रंगभूमीवर वाढले तिची स्थिती आधी पाहिली पाहिजे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने कोणतेही नाटक बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. सैरंध्रीची विटंबना करणाऱ्या कीचकात लॉर्ड कर्झन कोणता हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते, आणि सरकारलाही लागले नाही. १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. पुढच्याच वर्षी खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. ते संगीत नाटक. त्याला गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या अगदी नव्या चाली दिल्या. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, त्याच्या चाली खुद्द भास्करबुवांच्या. बंदी आली म्हणून खाडिलकर संगीताकडे वळले असे छातीठोकपणे म्हणणे धाडसाचे होईल. मंडळीच्या गरजा होत्या, बालगंधर्वांचा गळा होता. तथापि काळाचा क्रम डोळ्यांआड करता येत नाही. गद्य नाटकातील रूपकाचा मार्ग बंद झाला आणि मराठी नाट्यसंगीताचे वैभवाचे पर्व उघडले. शब्दाचा कोंडमारा झाला तेव्हा प्रतिभेने सुरांचे दार ढकलून पाहिले, आणि त्या दारावर पहारा नव्हता. मास्तर वाढले ते या पहारा नसलेल्या दालनात. राजकारणाचा संपर्कही नको असे वाटणाऱ्या संगीतकारालाही त्या काळी एवढे कळत असले पाहिजे की, आपली कला सुरक्षित आहे ती तिला अर्थ नाही म्हणून. ही सुरक्षितता काहीशी अपमानास्पदही आहे.

सरकारी कात्री पुढे त्यांच्या अगदी जवळून गेली. १९३५ साली प्रभातने एकनाथांच्या जीवनावर चित्रपट काढला. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व आणि संगीत मास्तरांचे. त्याचे नाव ‘महात्मा’ ठेवावयाचे ठरले होते. अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत आणि वर हे नाव, म्हटल्यावर प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे पैठणऐवजी साबरमती उभी राहणार, हे परीक्षकांनी ओळखले. नाव बदलावे लागले आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ म्हणून पडद्यावर आला. या प्रसंगाची हकीकत चित्रपटाचे इतिहासकार सांगतात; संगीताच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे कोणी पाहिलेले आमच्या वाचनात नाही. पाटीवरचे नाव खोडता आले, भजनाची चाल खोडता आली नाही. सत्तेची कात्री शब्दापाशी येऊन थांबते आणि सूर तिच्या फटीतून निसटतो, हा धडा मास्तरांनी घेतला असेल वा नसेल; प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर घडला एवढे निश्चित.

असे असता ‘वंदे मातरम्’च्या बाबतीत त्यांनी निसटण्याचा मार्ग पत्करला नाही. त्यांनी उलट शब्दच धरून ठेवला. विष्णु दिगंबर पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांतून हे गीत काफी रागात गात असत. १९२३ साली काकीनाड्यास अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असताही ते गाऊन पुरे केल्यावाचून थांबले नाहीत. गीताच्या शब्दांविषयी मुसलमान बंधूंची हरकत खरी होती, आणि १९३७ साली काँग्रेसच्या कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी सभांतून म्हणावी असे ठरविले ते तिची दखल घेऊनच. तो वाद महत्त्वाचा आहे, पण आमचा आजचा विषय नव्हे. मास्तरांपुढे आड आलेली मनाई सरकारी होती. मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर त्यांचे गायन चालू होते. अखेरीस त्यांनी ‘वंदे मातरम्’ सुरू केले, तोच प्रक्षेपण तोडण्यात आले. मास्तर उठून चालते झाले आणि त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला. तो पुढे वर्षानुवर्षे टिकला. स्वातंत्र्य आल्यावर, नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असता, ते पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे बसले ते हेच गीत गाण्यासाठी.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी बाणेदारपणाची कथा म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेच. पण ज्या काळी कंपनी नाटकाचा धंदा बोलपटाने बसत चालला होता आणि गवयाला घराघरांत पोहोचविणारे नभोवाणी हे नवे साधन उभे राहत होते, त्याच काळी पहिल्या प्रतीच्या गवयाने ते सोडून देणे याची किंमत केवळ मानापमानाच्या नाण्यात मोजून चालणार नाही. ध्वनिक्षेपकापुढची नवी कला शिकण्याची, त्याच्या बेताने आवाज लावण्याची, वीस मिनिटांत राग उभा करण्याची संधी त्यांनी गमावली. आणि आटोपशीर गायन हा तर त्यांचा स्वभावगुण. नभोवाणीसाठीच जणू घडलेला हा गवई नभोवाणीबाहेर राहिला. दडपशाहीने मराठी संगीताचे काय केले असे कोणी विचारले, तर आम्ही प्रथम हे न झालेले गायन दाखवू. त्याची तबकडी कोठेही मिळावयाची नाही.

जे झाले त्याकडे आता वळू. चालीसाठी मास्तरांनी झिंझोटी निवडला. हा राग खमाज थाटातला; बड्या ख्यालाच्या बैठकीत त्याला मानाचे आसन नाही, भजन, ठुमरी, कीर्तन यांतच तो रमतो. जाणत्यांच्या लेखी तो हलका. परंतु त्याची चाल सामान्य माणसाच्या गळ्यास सहज पेलते. कोमल निषाद सोडला तर बाकीचे स्वर शुद्ध, त्यामुळे पाश्चात्य पद्धतीच्या वाद्यांनाही तो परका वाटत नाही. पलुसकरांच्या काफीत गांधार कोमल, आणि त्याने येणारी आर्तता त्या रागाचा जीवच आहे. झिंझोटीत ती आर्तता नाही. तेथे ओलावा आहे, विव्हळणे नाही. आमच्या मते हा फरक मास्तरांनी हेतुपुरस्सर केला. मातेच्या नावाने दहा हजार माणसांनी एकदम रडावयाचे नाही, चालावयाचे आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मर्म उलगडते. तानेला जागा नाही, स्वरांची चढण बेताची, वाक्ये लहान आणि दम घेण्याच्या जागा ठरलेल्या. मास्तरांच्या एरवीच्या गाण्यातला तो अकस्मात डोकावणारा दुसरा राग येथे कोठे दिसत नाही.

रोह्याच्या ज्या बैठकीचा वर उल्लेख केला तेथे गाणे झाल्यावर बोलणे निघाले. आमचे एक स्नेही, ज्यांचे नाट्यसंगीताचे वेड आमच्या गावकऱ्यांस चांगले परिचित आहे, ते चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “सगळे खरे, पण यात मास्तर कुठे आहेत? अशी चाल कोणीही शाळामास्तर देईल. इंग्रजाने आमच्या गवयाला कवाईत शिकविली, दुसरे काय?” मंडळी हसली. आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि आम्ही तो घरी घेऊन आलो. दडपशाहीशी झुंजता झुंजता कलावंत दडपशाहीच्याच पातळीवर येतो, तिच्या ढोलाला ढोलाने उत्तर देऊ लागतो, आणि शेवटी हातात राहते ते कलावस्तू नव्हे, घोषवाक्य. असा तो आक्षेप आहे. पुष्कळ देशभक्तिपर गाण्यांच्या बाबतीत तो निर्विवाद खरा आहे. गणेशोत्सवातील मेळ्यांची जुनी पदे आज कोणी आवडीने म्हणत नाही, ती पोलिसांनी बंद केली होती म्हणून नव्हे.

या ठिकाणी एका परदेशी संगीतकाराशी तुलना उपयोगी पडेल. रशियात शोस्ताकोविच हा तरुण संगीतकार आपल्या धाडसी रचनांनी गाजत होता. त्याचा ‘लेडी मॅकबेथ’ हा संगीतनाट्याचा खेळ १९३४ पासून चालू होता. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिनने तो पाहिला आणि दोनच दिवसांनी ‘प्रावदा’त निनावी लेख आला की, हे संगीत नव्हे, गोंधळ आहे. त्या वर्षी त्याने आपली चौथी सिंफनी तालमी चालू असता मागे घेतली. ती लोकांच्या कानी पडली ती १९६१ साली. १९३७ च्या नोव्हेंबरात पाचवी आली. तिचे स्वरूप सोपे आणि शेवट विजयाच्या गजराचा. तो विजय खरा की धाकाने वदविलेला, यावर पाश्चात्य टीकाकार अद्याप भांडत आहेत. तेथे सत्ता संगीतकाराला म्हणत होती, सोपे लिही, लोकांना कळेल असे लिही. त्याने सोपे लिहिले, आणि त्या सोपेपणाच्या आत दुसरे काही लपविले. निदान ऐकणाऱ्यांना तसे वाटले. एकाच स्वरावलीला दोन तोंडे आली.

मास्तरांकडे सोपे लिही म्हणणारे कोणी नव्हते. सरकारला त्यांच्या चालीच्या कठीण-सोपेपणाशी कर्तव्य नव्हते. त्याला शब्द नको होते. सोपेपणा त्यांनी स्वतः पत्करला, आणि तो ज्यांच्यासाठी पत्करला ती माणसे डोळ्यांपुढे होती. आमच्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, पेणेपासून फार दूर नसलेल्या चिरनेरास, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहासाठी आगरी, कोळी, कातकरी, शेतकरी जमले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. अशा जमावाला गायनसमाजाची पायरी ठाऊक नव्हती. त्या लोकांच्या तोंडी शोभेल, भीतीच्या क्षणी आठवेल आणि बेसूर गळ्यातूनही मोडणार नाही अशी चाल बांधणे हे शाळामास्तरचे काम आहे असे आमच्या स्नेह्यांस वाटत असेल, तर त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहावा. जिच्यात काही दडविलेले नाही अशी रचना करणे, हा दडविण्यात पटाईत असलेल्या कलावंतापुढचा कठीण प्रयोग होता. शोस्ताकोविचला जुलमाने दोन अर्थांचे संगीत लिहावयास लाविले. मास्तरांना त्याने एकच अर्थ सांभाळण्याचा हट्ट शिकविला. कोणता मोठा हा प्रश्न आम्ही करीत नाही. रशियन संगीतकाराचा आवाका अर्थातच फार मोठा, आणि त्याच्या डोक्यावरची तलवारही.

किंबहुना येथे प्रमाण सोडता कामा नये. मास्तरांना तुरुंगवास घडला नाही, त्यांच्या घरावर मध्यरात्री थाप पडली नाही. परसत्तेचा हात त्यांच्या संगीताच्या एकाच धाग्याला लागला; बाकीचे वस्त्र मोकळे राहिले. १९४२ साली देश पेटलेला असता त्यांनी नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ला चाली दिल्या. मो. ग. रांगणेकरांचे ते नाटक, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात गाणाऱ्या. नाट्यपदाला भावगीताच्या मापात बसविण्याची तेथली किमया आजही टवटवीत वाटते, आणि तिच्यावर चळवळीचा ओरखडासुद्धा नाही. कोणी यास पळपुटेपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. रशियन संगीतकाराला जी दुसरी खोली नव्हती ती मास्तरांना होती. तिच्यात खेळता येत होते म्हणूनच पहिल्या खोलीत इतके गंभीर राहणे त्यांना साधले असावे.

या चालीच्या कथेतला सर्वांत कष्टाचा भाग मात्र इंग्रज गेल्यानंतरचा आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटनासमितीत सुचेताबाई कृपलानींनी ‘वंदे मातरम्’ गाइले. तरी राष्ट्रगीत कोणते हे ठरलेले नव्हते. पंडित नेहरूंचा मुद्दा वाद्यवृंदाचा होता. १९४८ च्या ऑगस्टात त्यांनी सभागृहात सांगितले ते थोडक्यात असे, की ‘वंदे मातरम्’चे ऐतिहासिक स्थान थोर असले तरी परदेशी वाद्यवृंदांना वाजविण्यास त्याची चाल सोयीची नाही आणि तिच्यात पुरेशी गती नाही. मास्तरांनी हा आक्षेप मनावर घेतला. भाषणे करून नव्हे, तर काम करून. त्यांनी आपली चाल पाश्चात्य पद्धतीच्या बँडवर बसवून घेतली, एकट्याने गाण्याचे, समूहाने गाण्याचे आणि नुसत्या वाद्यांवर वाजविण्याचे असे निरनिराळे घाट सिद्ध केले, आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांपुढे ते सादर केले. आयुष्यभर रागांच्या सीमा हसत ओलांडणारा हा गवई आता आपल्या झिंझोटीला ब्यूगल आणि ढोल कसे मानवतील याच्या चिंतेत होता. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला : ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. मान मिळाला तो शब्दांना. त्याबरोबर एकच चाल सर्व देशाच्या गळी उतरली नाही, आणि नभोवाणीवर व सभांतून पुढे रुळली ती मास्तरांची नव्हे.

या निर्णयास कोणी दडपशाही म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. आपल्या लोकांच्या प्रतिनिधींनी ऐकून घेऊन दिलेला नकार आणि परक्या अधिकाऱ्याने गाता गाता तोडलेले प्रक्षेपण यांत अंतर आहे. नकाराच्या गुणदोषांविषयी मात्र बोलता येईल. गतीचा आक्षेप देसमधील सावकाश, लांबट चालींना लागू पडतो; मास्तरांच्या समूहगानाला तो तितकासा लागू पडत नाही. आमच्या कानाला त्या चालीचा खरा दोष निराळाच वाटतो. बँडची सोय पाहता पाहता तिच्या काही वाक्यांच्या कडा इतक्या घासल्या गेल्या आहेत, की झिंझोटीतील आर्जव तेथे पुसट होते. परसत्तेच्या मनाईने जेथे चाल बांधेसूद झाली, तेथे स्वकीयांच्या मनधरणीने ती थोडी सपाट झाली. एकट्या मास्तरांच्या आवाजातली मुद्रिका ऐकली तर हा सपाटपणा जाणवत नाही. तेथे एखाद्या स्वरावर ते क्षणभर रेंगाळतात, आणि गवई दिसतो. रोह्याच्या स्नेह्यांनी ती मुद्रिका अद्याप ऐकलेली नाही असे पुढे चौकशीत कळले!

या सर्व खटाटोपाचे फळ आम्हांस दिसते ते दुसऱ्याच एका ठिकाणी. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून मास्तरांनी बुद्धवंदनेला स्वर दिले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरास नागपुरात धर्मांतराचा सोहळा झाला. पाली शब्द, ते म्हणणारा समाज असा की ज्याला देवळाच्या सभामंडपात भजनास बसू दिले नव्हते आणि गायनाच्या मैफलीत तर नव्हतेच नव्हते. आमच्याच जिल्ह्यात, रोह्याच्या दक्षिणेस महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी या समाजाने पाण्याला हात लाविला तेव्हा त्याच्या डोक्यात काठी घालणारे हात इंग्रजांचे नव्हते. पेण-रोह्याच्या आमच्या घरांतून स्वातंत्र्याच्या आठवणी निघतात तेव्हा हा प्रसंग बहुधा वगळला जातो. मास्तरांना मनाईचा अनुभव मिळाला तो परक्यांकडून आणि एका गीतापुरता. ज्यांच्यासाठी ते आता चाल बांधीत होते त्यांना तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि शेजाऱ्यांकडून.

येथे त्यांनी काय केले? तेच, जे ‘वंदे मातरम्’ने त्यांना शिकविले होते. स्वर मोजके, लय ठाय, उच्चार स्वच्छ, आणि न शिकलेल्या गळ्याला कोठेही लाजविणारी जागा नाही. फरक इतकाच की येथे बँडची अट नव्हती, कोणा समितीचे मन वळवावयाचे नव्हते. त्यामुळे जी शांती ‘वंदे मातरम्’च्या सामुदायिक घाटात हरवली होती ती येथे शाबूत आहे. नाट्यसंगीताच्या चाहत्यांच्या यादीत या रचनेचे नाव आम्ही कधी पाहिले नाही. ‘कान्होपात्रा’, ‘अमृतसिद्धी’, ‘कुलवधू’ असे मोजीत लोक येतात आणि थांबतात.

मास्तर १९७४ साली गेले. त्यांच्या मुद्रिका आता दुर्मिळ राहिलेल्या नाहीत. पूर्वी ज्या तबकड्यांसाठी घरोघर हिंडावे लागे त्या आज कोणासही घरबसल्या ऐकता येतात. वाचकांना एवढीच सूचना की त्या ऐकण्याचा क्रम बदलून पाहावा. आधी गंधर्व काळातील एखादे तानबाजीचे पद, मग एकट्याच्या आवाजातील ‘वंदे मातरम्’, मग त्याचा समूहाचा घाट, आणि शेवटी बुद्धवंदना. मध्ये बोलू नये. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा तिसऱ्या मुद्रिकेला मुले कंटाळली आणि चौथीला पुन्हा येऊन बसली.